तुम्ही विचारलंत म्हणून: गॅसबत्ती धरणारा पोर

जंगलात बेडूक-साप दाखवायची माझी रात्रीची फेरी संपते, चोर्ला घाटाच्या रस्त्यावर गाडीपाशी सगळे बुटांतलं पाणी ओतत असतात, आणि कुणीतरी विचारतंच, "दादा, हे सगळं शिकलात कुठे?" विचारणाऱ्याला बहुतेक एखाद्या कोर्सचं नाव हवं असतं. मी "जंगलातच" म्हणून मोकळा होतो. ते अर्धंच खरं आहे. परवा तुम्ही चहाचा ग्लास हातात धरून दुसऱ्यांदा विचारलंत, म्हणून उरलेलं लिहितो. मी शिकलो ते बेडूक पकडताना.

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात पहिला दणदणीत पाऊस झाला की मामा तिन्हीसांजेलाच गॅसबत्तीला पंप मारायला बसायचा. मी तेव्हा सहावी-सातवीत. बत्ती माझ्याकडे, पोतं मामाकडे. शेतात पोटरीभर पाणी आणि चारी बाजूंनी डरांव डरांव. आमच्याकडे बेडकाला बेबो म्हणतात. त्यातला हा मोठा. एरवी मळकट हिरवा, पण विणीच्या त्या मोजक्या रात्री नर हळद लावल्यासारखा पिवळाधमक होतो आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात. डोळ्यांवर उजेड पडला की जागच्या जागी थिजतो. मामा मागून जाऊन अलगद कमरेत धरायचा. "बत्ती हलवू नको," एवढीच त्याची शिकवणी. हात हलला की बेडूक गेला आणि पाठीत धपाटा आला. आज माझा टॉर्च हलत नाही याचं फोटोवाले कौतुक करतात, ते खरं तर त्या धपाट्यांचं.

थोडे घरच्या कढईत, बाकीचे हॉटेलात. तिथे त्यांना 'जंपिंग चिकन' म्हणतात. बेडूक पकडणं कायद्याने गुन्हा आहे, त्यांच्या पायांची निर्यात 1987 पासून बंद आहे. पण त्या वयात आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं. चव चांगली लागते, खोटं कशाला बोलू? एवढंच की ते सगळे जमायचे विणीसाठी. आम्ही पोत्यात भरत होतो ती लग्नाची वरात होती.

1999 मध्ये म्हादई अभयारण्य जाहीर झालं. दोनशे चौरस किलोमीटरच्या वर जंगल, आणि त्यात आमच्यासारखे गाव. गावातल्या सभेत विरोधात ओरडणाऱ्यांत मी पुढच्या रांगेत होतो. काजूची बाग जाईल ही धास्ती होती. ती अजूनही पुरती गेलेली नाही.

मग काही वर्षांनी बेडकांवर अभ्यास करणारी एक मुलगी आली. तिला रात्री बत्ती धरणारा माणूस हवा होता, रोजावर. गावाने माझं नाव सांगितलं. दुसरं कुणाचं सांगणार? पहिल्याच रात्री तिने एक चांगला गुबगुबीत बेबो माझ्याकडून पकडवून घेतला, वजन केलं, वहीत लिहिलं आणि सोडून दिला. माझा जीव हळहळला. चार रात्रींनी ती मला टॉर्च बंद करून ओढ्यात उभं करायला लागली आणि आवाजावरून जाती ओळखायला लावायला लागली. तिनेच मला पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीवरचा पांढरा फेसाचा गोळा दाखवला. मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. पिल्लं तयार झाली की टपटप खालच्या पाण्यात पडतात. मी जन्मभर तो फेस बघत होतो आणि कुणीतरी थुंकलंय असं समजत होतो. देवगांडुळाचंही तेच. म्हणजे गांडुळासारखा दिसणारा, बिनपायांचा, बेडकाचाच भाऊबंद. केरीत सापडलेल्या एका जातीला 2007 मध्ये गोव्यावरून शास्त्रीय नाव मिळालं. आमच्या परसात असं काही निघालं की आई सापाचं पिल्लू म्हणून कुदळीने ठेचायची.

आता दाखवण्याचं काम. तेही दिसतं तितकं निर्मळ नाही. मलबारी चापडा दबा धरून बसणारा साप, एकाच फांदीवर रात्रीमागून रात्री बसतो. एका पावसाळ्यात एक पिवळसर चापडा करवंदीच्या जाळीत चार रात्री होता. पाचव्या रात्री माझ्याबरोबरच्या एका गृहस्थाने फोटोत आडवी येते म्हणून पुढची डहाळी मोडली. मी "अहो" म्हणेपर्यंत मोडलीसुद्धा. सहाव्या रात्री जाळी रिकामी. डहाळी त्यांनी मोडली, पण बत्ती मीच धरली होती ना. तेव्हापासून माझ्याबरोबर सहाच माणसं, फ्लॅश नाही, एका जिवापाशी पाच मिनिटं, आणि जागा फोनवर कुणालाच कळवायची नाही. यावरून काही लोक पैसे परत मागतात. देतो.

वाघाचंही विचारता. तो आहे, मी त्याचे फक्त ठसे पाहिलेत. जानेवारी 2020 मध्ये गोळावली गावात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. त्याच सत्तरीत वाघ्रो देव म्हणून वाघ दगडात कोरून पुजतात. शहरातली माणसं हे ऐकून गुरं राखणाऱ्यांना शिव्या घालतात. मला त्यात सूर मिळवता येत नाही. दुभती म्हैस गेली की घरात काय होतं ते मी पाहिलंय, आणि पोती भरलेला मी कुणाला काय उपदेश करणार? जे झालं ते वाईटच झालं, पण.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहे, डोळ्यांना दिसत नाही. यंदा पहिल्या पावसात घरामागच्या शेतात बेबोचे सतरा नर मोजले आणि ओल्या कपड्यांनीच त्याला सांगायला गेलो. पिवळे होते का, फुगे निळे होते का, सगळं खोदून खोदून विचारलं त्याने. मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आनी पोतें खंय?"