चादरीवरचा सिनेमा आणि आमची २६ जानेवारी

दरवर्षी २६ जानेवारीला संध्याकाळी आमच्या मंडळाचा कार्यक्रम असतो, मुंबईत गोवंडीला शिवाजी नगरमध्ये, डंपिंगच्या, म्हणजे देवनारच्या कचरा डेपोच्या अगदी पाठीला. नारळ, शाल, प्रास्ताविक, पाहुण्यांचा सत्कार हे जसं सगळीकडे असतं तसंच आमच्याकडेही, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मला लिहायचंय ते साडेसातनंतरचं. गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांना पांढरी डबलबेडची चादर बांधतात, खालच्या टोकांना विटा, कारण खाडीवरून वारा सुटला की चादर फुगते आणि पडद्यावरच्या माणसाचं तोंड वाकडं होतं. आणि मग आमच्या पोरापोरींनी वर्षभर मोबाईलवर काढलेल्या फिल्म लागतात.

आधी असं नव्हतं हं. रेकॉर्ड डान्स, संगीत खुर्ची, बक्षीस म्हणून कंपास पेटी. २०१६ला पण तेच केलं आणि दोनच दिवसांत डंपिंग पेटलं. १९२७ पासून मुंबईचा कचरा इथे पडतोय, आगी आम्हाला नवीन नाहीत, पण तेव्हाचा धूर कितीतरी दिवस हटलाच नाही, शाळा बंद ठेवल्या, नासाच्या सॅटेलाईटच्या फोटोत सुद्धा तो दिसला. चॅनलवाले आले, लांब उभे राहिले, आणि संध्याकाळी टीव्हीवर काय तर कचरा वेचणाऱ्यांनी, भंगारवाल्यांनीच आग लावली. कुजलेल्या कचऱ्यात मिथेन तयार होतो, त्याला पेटायला फार काही लागत नाही, हे आमची पोरं विज्ञानाच्या पुस्तकात वाचत होती, पण त्यांना विचारतो कोण. नंतर गार्ड वाढले, आत जायला बंदी आली, आणि १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेल्या म्हाताऱ्या, त्यांच्या सुना, सगळ्यांची रोजी एका फटक्यात गेली.

तेव्हा नववीतल्या एका पोरीने भावाचा काच फुटलेला मोबाईल घेतला आणि गल्लीतल्या सहा बायकांना एकच प्रश्न विचारला, आग लागली तेव्हा तू कुठे होतीस? कुणी पाण्याच्या लाईनीत, कुणी पोराला घेऊन दवाखान्यात, एक तर बाळंतीण होती. चार मिनिटांची फिल्म, अर्धी आडवी अर्धी उभी. २०१७ला ती चादरीवर लागली आणि तेव्हापासून संगीत खुर्ची बंद झाली ती झालीच.

आमचा एक नियम आहे, तो मंडळाच्या एका ताईंनी घातला. फिल्म संपली की बनवणाऱ्याने ज्याच्यावर बनवली त्या माणसाला हाताला धरून पुढे आणायचं आणि माईक आधी त्या माणसाला द्यायचा. मी वर्षभर वाट बघते ती ह्याची. माईक उलटा धरतात, पदर तोंडात, आधी हसतात आणि मग जे बोलतात ते कुठल्या पाहुण्याच्या भाषणात आजवर ऐकलं नाही मी.

एका वर्षी एका पोराच्या मोबाईलचा कॅमेराच बिघडलेला, रेकॉर्डिंग तेवढं व्हायचं. आम्ही म्हटलं राहू दे रे पुढच्या वर्षी कर, तो म्हणाला नाही, चादर काळीच ठेवा. तर तीन मिनिटं नुसता आवाज. पहाटेचा. लांबून डंपर रिव्हर्स घेताना टीं टीं करतो ते, स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, गोणी झटकली, कचरा वेचायचा लोखंडी आकडा भिंतीला लागला, आणि मधून मधून खोकला, कोरडा, दाबून दाबून केलेला. एरवी आमच्या गल्लीत दोनशे माणसं गप्प बसत नाहीत. मग त्याने आईला पुढे आणलं. जालन्याकडच्या त्या. माईक हातात घेऊन कितीतरी वेळ पोराकडेच बघत होत्या, मग म्हणाल्या, "मला वाटायचं हा झोपलेला असतोय."

एवढंच बोलल्या आणि जाऊन बसल्या. आत्ता लिहिताना पण माझे डोळे भरून आलेत.

आणि एक सांगते. मेडिकल कचरा जाळायचा प्लांट इथून हलवा असं २०२३ला हायकोर्टाने सांगितलं, दोन वर्षांत खालापूरकडे न्यायचा म्हणून, तेव्हा आम्ही मोठी माणसं पेढे वाटत होतो. त्यानंतरच्या कार्यक्रमात एक सातवीतला मुलगा माईकवर आला आणि म्हणाला, तिकडे पण कोणीतरी राहत असेल ना, त्यांच्याकडे मोबाईल आहे का? टाळ्या नाहीत काही नाही, सगळे गप्प. मला त्या पोराचा जो अभिमान वाटला तो मी सांगूच शकत नाही.

आता मनातलं बोलते. रोडच्या पलीकडची लोकं येत नाहीत. दरवर्षी मी स्वतः घरोघर पत्रिका देते, दारात हो हो म्हणतात आणि संध्याकाळी एक माणूस नाही. आणि आमचीच जी मुलं शिकून नोकरीला लागली, ठाण्याला, बदलापूरला राहायला गेली, ती ग्रुपवर हार्ट टाकतात. बाळांनो, एक संध्याकाळ. तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवते मी आणि मग त्या उचलाव्या लागतात, वाईट वाटतं.

ज्यांनी केलं त्यांचं मात्र नाव घ्यायचं राहायला नको. प्रोजेक्टर शाळेतल्या सरांचा स्वतःचा, भाडं घेत नाहीत. लाईट कोपऱ्यावरच्या मोबाईल रिपेअरवाल्या भाईच्या दुकानातून, मागच्या वर्षी त्याने दुकानाचा पंखा बंद ठेवून आम्हाला लाईन दिली. चहा अण्णांचा, दोन टाकी, एकीचेच पैसे घेतात. सबटायटल कॉलेजला जाणाऱ्या दोघी बहिणींनी रात्री जागून टाकले, हिंदीचं मराठी मराठीचं हिंदी, कारण इथे अर्ध्यांना हे कळतं अर्ध्यांना ते. सतरंज्या बुद्धविहारातून, खुर्च्या मशिदीजवळच्या मंडपवाल्या चाचांच्या. चादर चाचींची, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी धुऊन कडक इस्त्री करून देतात आणि परत घेताना भोकं मोजतात. पाण्याचे कॅन वाहणारी सगळी पोरं, मागच्या वेळी माईकवर तुमची नावं घ्यायची राहिली, ते वर्षभर मला लागून राहिलंय.

आणि हो, विटा! विटा शेवटच्या गल्लीतल्या आजोबांच्या. घराचं काम अर्धवट राहिलंय त्यांचं, त्यातल्याच चार विटा दरवर्षी स्वतः आणून देतात आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्यांच्याशेजारीच बसतात.