ह्युस्टनच्या भुयारातले टाको

ऑफिस डाऊनटाऊनला आहे म्हटल्यावर मी खूश झाले होते, म्हटलं चला, दुपारी खाली उतरायचं, रस्त्यावर काहीतरी चटरमटर खायचं, माणसं बघायची. पहिल्या दिवशी एक वाजता उतरले तर रस्ता असा ओसाड की सोलापुरात कर्फ्यू लागला तरी याहून जास्त माणसं दिसतील. जूनचा महिना, ऊन आमच्या गावचं आणि घाम मुंबईचा. दोन चौक चालून चिकचिकीत होऊन परत आले तर टीममधला एक जण हसायलाच लागला. म्हणे सगळे खाली असतात.

खाली म्हणजे खरंच खाली. ह्युस्टनच्या डाऊनटाऊनमध्ये रस्त्याच्या साधारण 20 फूट खाली बोगदे आहेत, इथे त्यांना नुसतं टनेल म्हणतात, सगळे मिळून 6 मैल तरी भरतील, आणि एका बिल्डिंगच्या बेसमेंटमधून दुसरीच्या असं करत जवळजवळ अख्खं डाऊनटाऊन जोडलंय. 1930 च्या दशकात दोन-तीन थिएटरं जमिनीखालून जोडली तिथून हे सुरू झालं म्हणतात. न्हावी, चष्मेवाला, चपला दुरुस्त करणारा, सगळं खाली. आणि मधे मधे फूड कोर्ट. वर एक कावळा नाही आणि खाली दादर स्टेशन! (2001 मध्ये अॅलिसन वादळात या टनेलमध्ये पाणी भरलं होतं. हे मला जेवताना कोणीतरी सांगितलं, तेव्हापासून पाऊस पडला की मी डबा आणते.)

तर अशा एका फूड कोर्टच्या कोपऱ्यात, सॅलडवाल्याच्या आणि सँडविचवाल्याच्या मधे, एक मेक्सिकन काउंटर आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. सॅलड 15 डॉलरला, गवत खाऊन पुन्हा चार वाजता भूक. आणि इथे दोन टाको (मक्याची किंवा गव्हाची छोटी पोळी, म्हणजे टॉर्टिया, तिच्यात सारण घालून दुमडलेली) आणि वाटीभर बीन्स 7 डॉलर, वर 8.25 टक्के टॅक्स धरून साडेसातच्या थोडं वर. सुरुवातीला प्रत्येक डॉलरचे रुपये करायची सवय असते ना, तेव्हा हा फरक फार मोठा वाटतो. शिवाय सालसा, म्हणजे चटणी, फुकट. लाल आणि हिरवी. नवीन माणूस लाल बघून घाबरतो आणि हिरवी भसाभसा ओततो, तिथेच फसतो.

माझी अडचण वेगळी होती. मी अंडं खाते, बाकी काही नाही. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या बाईंना म्हटलं नो मीट. त्या म्हणाल्या ओके, चिकन? मी म्हटलं नो नो, नो चिकन. त्या म्हणाल्या ओके, फिश? बरं यात त्यांची काही चूक नाही, त्यांच्याकडे मीटला कार्ने म्हणतात आणि कार्ने म्हणजे मुख्यतः बीफ-पोर्क, कोंबडीला कोणी त्यात मोजत नाही. शेवटी राईस आणि बीन्सचा बरीतो घेतला, म्हणजे गव्हाच्या मोठ्या टॉर्टियात गुंडाळलेला रोल. (बरीतो म्हणजे गाढवाचं पिल्लू, शब्दशः. आणि पिको दे गायो, म्हणजे आपली कांदा टोमॅटो मिरचीची कोशिंबीर, तिचा अर्थ कोंबड्याची चोच. नावं ठेवणाऱ्याला नमस्कार.) तो मी आठवड्यातून तीनदा या हिशोबाने तीन महिने खाल्ला, घरी फोनवर सांगितलं की आई जेवणाची काळजी करू नकोस, इथे राजमा चावल मिळतो.

मग एक दिवस रांगेत पुढे एक मुलगा, तोही देसी, विचारतो की राईस कशात शिजवलाय. चिकनच्या पाण्यात. आणि पिंटो बीन्स? मान्तेका. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. मी हातात ट्रे घेऊन उभी. तीन महिने! बोर्डवर त्या बरीतोच्या पुढे हिरवं पान काढलेलं होतं हो, मोठ्ठं. राग आला, पण कोणावर काढणार, विचारलं कोणी नव्हतं, मीच नव्हतं. आईला हे आजतागायत सांगितलेलं नाही, आणि हा ब्लॉग माझी मावशी वाचते, तर मावशी, प्लीज.

तर जे इथे नवीन येणार आहेत त्यांच्यासाठी. व्हेज का असं विचारू नका, त्याला प्रत्येकजण हो म्हणतो. राईस कशात शिजवला, बीन्समध्ये मान्तेका आहे का, असं एकेक विचारा. गव्हाच्या टॉर्टियातसुद्धा चरबी असू शकते. मक्याच्या टॉर्टियात मका, पाणी आणि चुना, बस. आमच्या काउंटरवर काळे बीन्स तेलातले निघाले, आणि बाईंनीच मला नोपालेस दाखवले. नोपालेस म्हणजे निवडुंग. खरंच निवडुंग, काटे काढून, पट्ट्या कापून, कांद्यावर परतलेला. आंबटसर लागतो आणि भेंडीसारखी तार सुटते. आमच्याकडे शेताच्या बांधाला जो उभा असतो त्याच्याच जातीतला. अंडं, नोपालेस, दोन मक्याच्या टॉर्टिया, वर ती हिरवी. आता हेच माझं ठरलेलं, मी दिसले की बाई न विचारता तव्यावर अंडं फोडतात.

मार्चमध्ये आई-बाबा आले. शनिवारी मोठ्या उत्साहाने त्यांना रेड लाईनच्या ट्रामने डाऊनटाऊनला घेऊन गेले, तर खाली जायचे दरवाजेच बंद. शनिवार-रविवार टनेल बहुतेक बंदच असतं, ते ऑफिसवाल्यांसाठी आहे, हे मला माहीत होतं आणि तरी मी विसरले. बाबा म्हणाले, भुयार दाखवते म्हणालीस आणि कुलूप दाखवलंस. सोमवारी पुन्हा नेलं.

आईला टाकोपेक्षा टॉर्टियात रस. बोटांनी दाबून बघितली, वास घेतला, म्हणाली मक्याची भाकरी अशी वाकत नाही, तडकते, यात मैदा घातलाय. मी म्हटलं नाही, चुना. चुना? पानाला लावतात तो? मग मला माहीत होतं तेवढं सांगितलं, की मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, साल सुटतं, मग दळतात, त्याला निष्टमाल म्हणतात, आणि त्यामुळे पीठ चिकटून येतं. युरोपवाल्यांनी मका नेला पण ही चुन्याची युक्ती नेली नाही, तर नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांना पेलाग्रा नावाचा रोग व्हायला लागला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, एक किलोला चुना किती? ते मी बाईंना विचारलं तर त्या हसल्या, म्हणाल्या आमच्या टॉर्टिया पाकिटातून येतात, पण आजी हाताने करायची, तिने कधी मोजला नाही. आईला ते उत्तर पूर्ण पटलं.

बाबांनी तोस्तादा घेतली होती. मक्याची टॉर्टिया तळून कडक केलेली, वर बीन्स, कोबी वगैरे रचून देतात. बाबांनी वरचं सगळं बाजूला काढलं, तोस्तादा हाताने चुरली, काळ्या बीन्सच्या वाटीत टाकली आणि कडक भाकरी आमटीत कुस्करून खातात तशी खायला लागले. शेजारच्या टेबलावर सूट घातलेले दोघे बघत होते. बघू देत.

आणि मग आईने पर्समधून डबी काढली. शेंगाचटणी. अमेरिकेच्या फूड कोर्टात. मी म्हटलं आई अगं ठेव ती आत, तोवर तिने नोपालेसवर टाकलीसुद्धा, आणि बाई काउंटरवरून मान वर करून बघत होत्या, तर उठून चिमूटभर त्यांच्या हातावर नेऊन ठेवली. त्यांनी तोंडात टाकली, जरा थांबल्या, म्हणाल्या, काकाहुआते? शेंगदाणे? त्या मूळच्या वेराक्रूझच्या, तिकडे सुक्या मिरच्या आणि शेंगदाणे तेलात तळून, वाटून सालसा माचा करतात. या काउंटरवर ठेवत नाहीत, कारण ऑफिसवाल्या कोणालातरी शेंगदाण्याची अॅलर्जी असते.

आईला इंग्रजी येत नाही, बाईंना मराठी येत नाही, आणि मागे रांग लागलेली. तरी दोघींचं लसणावर एकमत झालं हे मला लांबूनच कळलं. डबी तिथेच राहिली.

आई-बाबा एप्रिलमध्ये परत गेले. गेल्या आठवड्यात मी अंडं-नोपालेस घ्यायला गेले तर बाईंनी काउंटरखालून तीच डबी काढून दिली, धुतलेली, आत काळपट लाल तेलातलं काहीतरी, आणि बोटाने मला बजावलं की इथे उघडू नकोस, घरी नेऊन खा. घरी नेली. भातावर खाल्ली. आता रिकामी डबी परत कशी द्यायची ते बघतेय, आमच्यात रिकामी देत नाहीत.