तुम्ही विचारलंत म्हणून: मळा लहान का केला?

“एवढं छान चाललं होतं तुमचं, मग कमी का केलंत?” आमच्याकडून भाजी घेणारे विचारतात, सासवडच्या बँकेत विचारतात, परवा एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनी वरणभात कालवता कालवता विचारलं. या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो. पुरंदरला विमानतळ होणार हे 2016 साली जाहीर झालं, तेव्हापासून इकडे कुणी बांधावरची बाभळ तोडली तरी “विकली वाटतं!” म्हणतात. तर आधी तेवढं मिटवते. जमीन विकलेली नाही. तोटाही आला नव्हता.

आमची स्वतःची एकरभर आणि शेजारची दीड एकर खंडानं घेतलेली, एवढ्यावर पुण्यातल्या साठेक घरांना दर आठवड्याला भाजीची टोपली जायची. घरं तीन महिन्यांचे पैसे आगाऊ देत, आणि मळ्यात येईल ते घेत. ही रीत जपानातल्या गृहिणींनी 1970च्या दशकात शेतकऱ्यांशी थेट बांधून घेऊन रुजवली, तिकडे तिला ‘तेईकेई’ म्हणतात. पिकलं तर दोघांचं, बुडालं तर दोघांचं, असा तिचा करार. ऐकायला फार गोड आहे. पण एखाद्या आठवड्यात गारपिटीनं मेथी-कोथिंबिरीचा चिखल झाला की अर्धी टोपली पाठवताना जीव वरखाली होतो. पैसे आधी घेतलेले असतात ना!

कारण विचाराल तर आई. शहाऐंशी वर्षांची आहे, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून इकडे राहायला आली. पहाटे जाग आली की थोडा वेळ तिला घर ओळखू येत नाही. दार कुठे, न्हाणी कुठे, आपण कुणाकडे आलोय, सगळं विचारते. अर्ध्या-पाऊण तासानं चहा पोटात गेला की गाडी रुळावर. तेवढा वेळ जवळ कुणीतरी हवं. आणि भाजीचा तोडा नेमका तेव्हाच असतो, उन्हं चढायच्या आत. आमचे हे तोपर्यंत टेम्पो भरायच्या गडबडीत.

मात्र आई हे एकटं कारण नाही. रोज डोळे उघडल्या उघडल्या कुणाच्या तरी टोपलीचा विचार करायचा मला कंटाळा आला होता. आईचं सांगितलं की लोक माना डोलावतात, कंटाळ्याचं सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात. शेतीचा कंटाळा येऊ नये अशी शहरातल्या माणसांची का कोण जाणे, अपेक्षा असते. बँकेतल्या माणसानं साठाव्या वर्षी घरी बसलेलं चालतं.

आता कमी कसं केलं ते सांगते, कारण त्यात खरी गंमत आहे. बहुतेकांना वाटतं, अर्धी घरं, अर्धे वाफे, अर्धं काम. तसं होत नाही. साठ टोपल्या घेऊन दिवे घाट उतरणाऱ्या टेम्पोला जेवढं डिझेल लागतं तेवढंच तीसला लागतं. रात्रपाळीच्या लाइटीला मोटर चालू करायला उठायचं ते एकरासाठीही उठावंच लागतं. भेंडीच्या दहा सऱ्या असोत की चार, एक दिवसाआड सकाळी तिथं उभं राहायलाच लागतं. म्हणून मी वहीत सगळी पिकं लिहिली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न टाकला: चार दिवस फिरकलो नाही तर काय होईल?

भेंडी तिथंच बाद झाली. आज बोटाएवढी असलेली भेंडी परवा जून होते. मंडईत बायका टोक मोडून बघतात, कटकन मोडलं तर घेतात, नुसतं वाकलं की परत ढिगात. शिवाय जून भेंडी झाडावर राहिली की झाड पुढं धरायचं कमी होतं, म्हणजे विकायची नसली तरी तोडावी लागतेच. तिची बारीक लव टोचून हाताला खाज सुटते म्हणून भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट घालून तोडायची. गवार, काकडी, दोडका, सगळी त्याच वर्गातली. पालेभाज्यांचा तोडा एकदाच, पण पंधरवड्याला पेरा ठेवावा लागतो, आणि मेथी तयार झाली म्हणजे झालीच, ती तुमच्यासाठी थांबत नाही.

दुसऱ्या बाजूला थांबणारी पिकं निघाली. हळद आणि सुरण अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावले की आठ-नऊ महिने जमिनीत. पानं वाळली, चार दिवस उशिरा खणले तरी कुणाचं काही बिघडत नाही. लसूण दिवाळीच्या आसपास लावायचा, पाती पिवळी पडली की पाणी तोडायचं. रताळी तशीच. लाल भोपळा देठ ठेवून काढला तर पडवीत महिनोन्‌महिने बसतो. देठ मोडला की तिथूनच सडायला लागतो, एवढं एक पथ्य. शेवग्याला वेळेवर छाटलं की झालं. आणि पावटा तर माझा सगळ्यात लाडका. तोडा साधला तर ओल्या शेंगांची भाजी, हुकला तर वेलावरच वाळतो, मग सोलून डब्यात, उसळीला. कुठल्याच दिवशी वाया जात नाही. वाटाणा मात्र नियम मोडून ठेवलाय. त्याचे तीन-चार तोडे असतात, तेवढं निभतं. पुरंदरात राहून वाटाणा लावायचा नाही, हे गावात सांगणार तरी कुणाला?

भेंडी बंद होणार म्हटल्यावर बरीच घरं आपणहून गळली. मला वाईट वाटलं नाही. डब्याला रोज सुरण कोण देतं?

जड गेलं ते वेगळंच. आमच्याकडे दोघी जणी रोजानं यायच्या. घरांना निरोप एका मेसेजनं गेला, यांना समोर बसून सांगावं लागलं. थोरल्या मावशींनी विचारलं, “म्हंजी कवापासनं?” मी म्हटलं, पाडव्यापासून. त्यांनी फक्त मान हलवली आणि गवारीची पाटी उचलली. त्या आता शेवंतीच्या तोडणीला दुसरीकडे जातात. धाकटी आठवड्यातून तीन दिवस येते, बाकीचे दिवस तिचं शिवणकाम. दोघींचं भागतंय, पण पहिल्यासारखं खात्रीचं नाही, हेही सांगायला हवं.

खंडाची जमीन पाडव्यालाच परत केली, तसं मालकांना महाशिवरात्रीच्या आधीच सांगून ठेवलं होतं. घेतली तेव्हा मुरमाड होती. शेणखत घातलं, दर पावसाळ्यात ताग पेरून फुलोऱ्यात गाडला, तेव्हा कुठं ती पाणी धरायला लागली. आता तिथं झेंडू आहे आणि झक्कास आहे. खंडाच्या जमिनीत घातलेलं खत परत मागता येत नाही, पण बांधावरून जाताना नजर तिकडे जातेच.

सध्या अठरा-वीस घरं आहेत. पंधरा दिवसांतून एकदा हडपसरला एका ठिकाणी टेम्पो थांबतो, लोक येऊन नेतात. दारोदार जाणं बंद. पूर्वी वारीत माउलींची पालखी सासवडला यायची तेव्हा घाट वाहनांना बंद असायचा, आणि ताज्या भाजीचं काय करायचं याचा घोर महिनाभर आधी लागायचा. यंदा भोपळे घरीच बसले आणि आई-मी पालखी बघायला गेलो.

“पुन्हा वाढवणार का?” असंही विचारतात. नाही. जास्त जमीन मिळाली तरी नाही, माणसं मिळाली तरी नाही. दर आठवड्याला ताजी भेंडी-मेथी हवी असणाऱ्यांना मी आमच्याच भागातल्या एका तरुण जोडप्याचा नंबर देते. त्यांची मुलगी लहान आहे, दोघंही पहाटे उठतात, आणि कंटाळा अजून लांब आहे.