दुपारी अडकणारा गेमिंग पीसी

गेमिंगचा पीसी हळू झाला की आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात: विंडोज नवीन मारा, नाहीतर रॅम वाढवा. दोन्हींत पैसे जातात, आणि खान्देशातल्या उन्हाळ्यात बहुतेक वेळा दुखणं तसंच राहतं. मी भुसावळला रेल्वेच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये काम करतो. इंजिन जोर देत नाही म्हटल्यावर आम्ही त्यातल्या हवेच्या वाटा, फिल्टर, ब्लोअर तपासतो. पीसीलाही मी तोच नियम लावतो.

बहीण अमळनेरकडे दिली आहे. भाच्याचा पीसी चांगला आहे: रायझन 5 3600 प्रोसेसर, 16 जीबी रॅम, जीटीएक्स 1660 सुपर ग्राफिक्स कार्ड. मे महिन्यात त्याचा फोन आला, "मामा, दुपारले गेम भलता अटकस." दुकानदाराने रॅम वाढवायला सांगितलं होतं. मला मात्र त्याच्या बोलण्यातला 'दुपारले' हा शब्द महत्त्वाचा वाटला. सकाळी सहा वाजता तोच गेम, तीच सेटिंग, आणि सगळं सुरळीत. दुपारी सुरुवात ठीक, मग थोड्या वेळाने फ्रेम, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, घसरायला लागतात. रॅम कमी पडली असती तर ती सकाळीही कमीच पडली असती. सुरू केल्यापासूनच पीसी रखडत असेल तर डिस्क, व्हायरस, मागे चालू राहणारे प्रोग्रॅम यांच्याकडे बघा. थोडा वेळ नीट चालून मग बसत असेल तर आधी तापमान बघा.

त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. ते मागे चालू ठेवायचं, अर्धा तास गेम खेळायचा आणि मग 'मॅक्सिमम'चा रकाना वाचायचा. या प्रोसेसरची कमाल मर्यादा 95 अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. भाच्याचा आकडा 95 वरच टेकला होता. ज्याने 3.6 ते 4.2 गिगाहर्ट्झवर पळायचं, तो 3 च्याही खाली आला होता.

यामागचं गणित आपल्या भागातल्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. प्रोसेसर खोलीपेक्षा 50 अंश गरम राहत असेल, तर हिवाळ्यात 22 अंशांच्या खोलीत तो 72 वर असतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत 42 अंश असतात, म्हणजे तोच पीसी 92 वर. हे धूळ नसताना. परदेशातले व्हिडिओ 20-25 अंशांच्या खोलीत बसून बनवलेले असतात, त्यांचे आकडे जळगाव-भुसावळला जसेच्या तसे धरू नका.

आणि धूळ तर होतीच. पीसीच्या खोलीतच हिवाळाभर कापूस भरून ठेवलेला, भाव वाढायची वाट बघत. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरचा पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्या मधोमध कापसाच्या तंतूंचा सलग थर बसला होता. पंखा जोरात फिरत होता, पण हवा आत शिरतच नव्हती.

पीसी बंद करून वायर काढली, ओट्यावर नेला आणि ब्लोअर मारला. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा हवेच्या जोराने भलत्या वेगात फिरून त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. हीटसिंक काढणार असाल तर या रायझनबाबत एक गोष्ट लक्षात ठेवाच. याच्या पिना प्रोसेसरलाच असतात. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचावी म्हणून मध्ये पेस्ट लावलेली असते. ती सुकली की हीटसिंकला चिकटून राहते, आणि सरळ वर ओढलं तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. म्हणून आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करायचा, बंद करून वायर काढायची, स्क्रू ढिले करायचे आणि हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवी मधोमध तुरीच्या दाण्याएवढी. जास्त लावून काही फायदा नाही.

ऊन वाढलं की अनेक जण कॅबिनेटची बाजू उघडून खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट आत सोडतात. तसं करू नका. त्या हवेत ओल असते, कधी बारीक थेंबही येतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार बोर्डावर बसतो. कूलर खोलीसाठी लावा, समोरची खिडकी उघडी ठेवा. कॅबिनेट जमिनीवरून उचलून भिंतीपासून वीतभर पुढे घ्या.

रॅमचं एक काम निघालंच, पण ते फुकटात झालं. रॅमच्या पट्ट्या 3200 वेगाच्या, आणि टास्क मॅनेजर दाखवत होता 2666. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारा पर्याय, चालू केलं आणि पूर्ण वेग मिळाला. रायझनला याचा फायदा चांगला होतो.

मग फ्रेमला 60 ची मर्यादा घातली. भाचा आधी नाराज झाला. पण त्याचा मॉनिटर 60 हर्ट्झचा. कार्डाने सेकंदाला 120 चित्रं काढली तरी पडदा बदलतो 60 वेळाच, आणि वरच्या मेहनतीची उष्णता त्याच खोलीत साठते. ज्यांना स्पर्धेत खेळायचं आहे त्यांनी हा पर्याय सोडून द्यावा, त्यांना क्षणाचा उशीरही चालत नाही. घरी खेळणाऱ्याला मे महिन्यात यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

आता भर दुपारी आकडा ऐंशीच्या घरात राहतो आणि फ्रेम पडत नाहीत. रॅमसाठी काढून ठेवलेल्या पैशांतून एसएसडी ही वेगवान डिस्क घ्यायचं ठरलं आहे, कारण गेम अजून जुन्या हार्ड डिस्कवरून उघडतो आणि मॅप लोड व्हायला फार वेळ घेतो. सफाई मात्र दरवर्षी घरातला कापूस विकला गेला की लगेच करायची, होळीच्या आधी.