ट्रायल रूमच्या वरचा स्पीकर

दुकानांत दिवसभर वाजत राहणाऱ्या गाण्यांच्या याद्या तयार करणे आणि तपासणे हा माझा व्यवसाय आहे. ग्राहकाला ती गाणी आपोआप वाजत असल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात सकाळी कोणत्या लयीचे गाणे लावावे, तेच गाणे किती वेळाने पुन्हा यावे आणि गर्दीच्या वेळी आवाज किती वर न्यावा, हे सारे कोणीतरी बसून ठरवलेले असते. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुधा आवाजाच्या असतात, किंवा तीच ती गाणी ऐकून कान किटल्याच्या. तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानातून आलेली तक्रार मात्र निराळी होती. महिला विभागाच्या ट्रायल रूमपाशी काम करणाऱ्या एका कर्मचारी बाईंनी लिहिले होते, की इथल्या काही गाण्यांत बायकांविषयी जे बोलले जाते, ते एखाद्या माणसाने स्वतःच्या तोंडाने म्हटले असते तर त्याला दुकानाबाहेर काढले असते. पत्राखाली व्यवस्थापकांनी आपली टीप जोडली होती. ग्राहकांची एकही तक्रार नाही, यादीतील एकाही गाण्यावर अश्लीलतेची खूण नाही, तरी तसे लेखी कळवावे, एवढाच तिचा मजकूर होता.

तसे लेखी कळवणे हे दहा मिनिटांचे काम होते. यादी दुकानाच्या जाहिरात विभागाने चालू गाण्यांतून निवडली होती, आमच्या यंत्रणेने ती चाळली होती आणि तिच्यात खूण असलेले एकही गाणे खरोखरच नव्हते. परंतु ही खूण कशी लागते हे ठाऊक असलेल्या माणसाला तिच्यावर विसंबून राहता येत नाही. तिची सुरुवात अमेरिकेत झाली. तिथे 1985 मध्ये काही पालकांनी संघटना स्थापून गाण्यांतील शब्दांविषयी आवाज उठवला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांनी आपणहून इशारा छापण्याचे मान्य केले. 1990 पासून त्या इशाऱ्याला ठरावीक काळी-पांढरी पट्टी मिळाली. आपले मूल काय विकत घेत आहे हे आईवडिलांना कळावे, एवढाच तिचा हेतू होता. आता गाणे इंटरनेटवरून येते आणि पट्टीच्या जागी एक छोटी खूण दिसते. ती लावायची की नाही हे गाणे प्रसिद्ध करणारी कंपनीच ठरवते, आणि तिचे लक्ष प्रामुख्याने शब्दांवर असते. शिवी किंवा शरीराच्या अवयवाचे उघड नाव काढून टाकले, की त्याच गाण्याची ‘स्वच्छ’ आवृत्ती तयार होते. काढलेल्या जागी काय होते हे ऐकणाऱ्याला बरोबर कळते, हा भाग वेगळा. शिवाय दुकानात गाणे ऐकणाऱ्याने ते विकत घेतलेले नसते, निवडलेलेही नसते, आणि खूण असलीच तर ती त्याला दिसतही नाही.

म्हणून मी त्या दुकानात गेले आणि बाईंची शिफ्ट सुरू झाल्यापासून ती संपेपर्यंत ट्रायल रूमच्या बोळात एका स्टुलावर बसून राहिले. व्यवस्थापकांना हे अनावश्यक वाटले. गाण्यांची यादी कागदावर आहेच, ती वाचली तरी पुरे, असे त्यांचे म्हणणे होते. पण कागदावरच्या यादीला जागा नसते, आणि त्या दिवशी मला जे समजले त्यातील बरेचसे त्या जागेमुळे समजले. दुकानाच्या दर्शनी भागात छत उंच होते, माणसांची वर्दळ होती, हँगर सरकवल्याचे आवाज होते. तिथे गाण्याचा ठेका तेवढा पोहोचत होता आणि शब्द गर्दीत विरून जात होते. ट्रायल रूमचा बोळ अरुंद, छत खाली, स्पीकर नेमका मधोमध. तिथे प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. दाराआड एक बाई अर्धवट कपड्यांत आरशासमोर उभी राहून स्वतःला निरखत आहे, आणि त्याच वेळी डोक्यावरून एक पुरुषी आवाज बाईच्या अंगाचा कोणता भाग कसा आहे याचे वर्णन करतो आहे, हा प्रसंग दिवसभरात वारंवार घडत होता. घरी किंवा प्रवासात आपण असे गाणे ऐकतो तेव्हा कोणाच्या बाजूने ऐकायचे हे आपल्या हाती असते. आपण गायकाबरोबर गुणगुणतो, त्याच्या जागी उभे राहतो, किंवा नुसता ताल घेतो. त्या बंद खोलीत गायकाच्या बाजूला जाण्याची सोय उरत नाही, कारण ज्या शरीराविषयी तो बोलतो आहे तेच आरशात दिसत असते. एक तरुण मुलगी आत गेल्या पावली बाहेर आली आणि कपडे परत देऊन निघून गेली. ती गाण्यामुळे गेली असे मी म्हणणार नाही, तिला माप बसले नसेल. पण ती काही बोलली असती तर कोणाशी बोलली असती, हा प्रश्न मला पडला. ग्राहक तक्रार करत नाहीत याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की त्यांना निघून जाता येते.

बाईंना निघून जाता येत नव्हते. यादी साधारण अर्ध्या शिफ्टच्या लांबीची होती, म्हणजे प्रत्येक गाणे त्यांच्या कानांवरून रोज दोनदा जात होते, आणि जाहिरात विभागाने ‘जोरदार’ ठरवलेली गाणी त्याहूनही अधिक वेळा. मी वहीत नोंदी करत होते. ज्या गाण्यांनी त्यांना त्रास होत होता त्यांतील बरीच शब्दांच्या दृष्टीने निर्दोष होती. एका गाण्यात एकही वावगा शब्द नव्हता. चाल गोड होती, वाद्यमेळ उत्तम होता, आणि आशय असा होता की तू नाही म्हणतेस ते मनापासून नाही, मी तुझ्या मागे येतच राहणार. दुसरे एक गाणे दुकानातील कोणालाही न कळणाऱ्या भाषेतले होते. त्याचे शब्द मी मिळवून वाचले तेव्हा यादीतील सर्वांत हिंसक मजकूर त्यात निघाला. उलट एका स्त्रीने गायलेले, स्वतःच्या इच्छेविषयी पुरेसे मोकळेपणाने बोलणारे गाणे मला अपमानास्पद वाटले नाही. मोकळे शब्द असलेली गाणी मी स्वतः आवडीने ऐकते. शृंगाराचे मला वावडे असते तर मी या व्यवसायात टिकलेच नसते.

दुपारनंतर घडलेला प्रसंग मात्र वहीत नोंदवताना माझा हात थबकला. बाई आत जाणाऱ्या ग्राहकांना कपड्यांचा आकडा असलेले बिल्ले देत होत्या. सोबतच्या कोणाची तरी वाट पाहत दोन तरुण बाहेर उभे होते. ‘स्वच्छ’ आवृत्तीचे एक गाणे सुरू झाले, शब्द गाळलेली ती जागा आली, आणि त्यातील एकाने बाईंकडे पाहत तो गाळलेला शब्द मोठ्याने भरून काढला. दुसरा हसला. बाईंनी पुढचा बिल्ला पुढच्या ग्राहकाच्या हातात ठेवला. मी त्या तरुणाकडे रोखून पाहिले, तेव्हा तो म्हणाला, ‘गाणं म्हणतोय, मॅडम.’ आणि तो खरोखरच गाणे म्हणत होता, अडचण होती ती हीच. तोच शब्द त्याने गाण्यावाचून उच्चारला असता तर सुरक्षारक्षकाला बोलावता आले असते. इथे त्या वाक्याची सोय दुकानानेच करून दिली होती. नंतर मी बाईंना विचारले, असे किती वेळा होते? त्या म्हणाल्या, ‘मोजत नाही. मोजायला लागले तर कामावर यावंसं वाटणार नाही.’

बिलिंग काउंटरवरच्या तरुण सहकारी मुलीचे मत नेमके उलट होते, आणि ते मी टाळू इच्छित नाही. तिला ही गाणी आवडत होती. दिवस ढकलायला तीच मदत करतात, असे ती म्हणाली. ‘ताईंना त्रास होतो ते खरं असेल, पण बायकांना वाईट वाटतं असं सगळ्यांच्या वतीनं कशाला म्हणायचं? मला वाटत नाही. आणि त्या बाईनं गायलेलं गाणं काढलंत तर मला जास्त राग येईल.’ तिचे म्हणणे रास्त होते. स्त्रिया म्हणजे एका मताचा जमाव नव्हे, आणि अमुक शब्द त्यांना झेपणार नाहीत असे त्यांच्या वतीने ठरवून टाकण्यातही एक प्रकारचा कमीपणा देणे असते. मात्र तिचा स्पीकर दर्शनी भागात होता आणि तिच्यापुढे उभा असलेला ग्राहक पैसे देण्याच्या घाईत असे, हेही मी नोंदवून ठेवले.

संध्याकाळी व्यवस्थापकांच्या खोलीत बैठक झाली. त्यांचा पहिला मुद्दा असा, की गाणी पुरुष कर्मचाऱ्यांनाही ऐकू जातात, मग हा केवळ स्त्रियांचा अपमान कसा? हाच युक्तिवाद अमेरिकेतील एका खटल्यात झाला होता. नेवाडा राज्यातील रीनो येथील एका गोदामात लैंगिक आणि स्त्रीद्वेष्टी गाणी मोठ्या स्पीकरवर सतत वाजवली जात, कधी ते स्पीकर माल उचलणाऱ्या गाड्यांवर ठेवून गोदामभर फिरवले जात. आठ जणांनी दावा लावला, त्यांत सात स्त्रिया आणि एक पुरुष होता. गाणी सर्वांनाच सारखी खटकतात, म्हणून हा भेदभाव नव्हे, असे म्हणून खालच्या न्यायालयाने तो मुद्दा फेटाळला. 2023 मध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मजकूर सर्वांच्या कानांवर पडतो आणि कोणा एकीला उद्देशून नाही, एवढ्याने तो लिंगभेदाच्या कायद्यातून सुटत नाही, आणि अशा संगीताने कामाची जागा स्त्रियांसाठी प्रतिकूल होऊ शकते, असे त्या न्यायालयाने म्हटले. तो निर्णय आपल्याला बांधून घेत नाही हे मी व्यवस्थापकांना स्पष्ट सांगितले. पण तिथे जो युक्तिवाद टिकला नाही तोच इथे पुढे करायचा, तर त्याला आणखी काही आधार द्यावा लागेल, असेही सांगितले.

मग त्यांनी विक्रीचा मुद्दा काढला. संगीताने विक्री वाढते हे सिद्ध झाले आहे ना? या व्यवसायात रोनाल्ड मिलिमन यांच्या 1982 च्या अभ्यासाचे नाव प्रत्येकाच्या तोंडी असते. एका सुपरमार्केटमध्ये संथ लयीचे संगीत लावले तेव्हाची विक्री जलद लयीच्या वेळेपेक्षा सुमारे 38 टक्क्यांनी अधिक भरली होती. परंतु तो प्रयोग लयीचा होता, शब्दांचा नव्हे. गाळलेल्या शिवीने एखादा सदरा अधिक खपतो असे त्यातून निघत नाही. ‘बरं, पण गाण्यानं कोणाचं नुकसान होतं याला तरी पुरावा आहे का?’ असे त्यांनी विचारले. पीटर फिशर आणि टोबियास ग्राइटमायर यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मी सांगितले. त्यांत कोण दुसऱ्याला किती तिखट सॉस वाढतो यावरून आक्रमकता मोजली होती. स्त्रियांना तुच्छ लेखणारी गाणी ऐकलेल्या पुरुषांनी समोरच्या व्यक्तीसाठी तो सॉस वाढताना पुरुषापेक्षा स्त्रीला अधिक वाढला, आणि पुरुषांना तुच्छ लेखणाऱ्या गाण्यांचा स्त्रियांवरही काहीसा तसाच परिणाम दिसला. प्रयोगशाळेतील थोड्या वेळाचे हे निष्कर्ष दुकानाला जसेच्या तसे लावता येत नाहीत आणि मी ते लावलेही नाहीत. दुपारचा प्रसंग मी स्वतः पाहिला होता, आणि माझ्या दृष्टीने तो पुरेसा होता.

त्यांचा शेवटचा मुद्दा खरोखर अवघड होता. रेष कुठे ओढायची? उद्या कोणाला प्रेमगीतही खटकेल. मी आधी असा विचार केला होता, की जे वाक्य कर्मचाऱ्याने ग्राहकाला म्हटलेले चालणार नाही ते गाण्यातही नको. पण या कसोटीवर जगातील एकही प्रेमगीत टिकत नाही, कारण ‘तुझ्यावाचून जगू शकत नाही’ असेही कोणी गिऱ्हाइकाला म्हणत नाही. म्हणून आम्ही वहीतील गाणी एकेक करून ऐकली. ज्या गाण्यात बाईच्या नकाराला किंमत नाही, ज्यात तिला मारण्याची किंवा धडा शिकवण्याची भाषा आहे, आणि ज्यात अंगाच्या वर्णनाखेरीज तिच्याविषयी काही उरत नाही, ती गाणी मी वगळण्यास सांगितली. शब्द गाळलेली ‘स्वच्छ’ आवृत्ती मूळ गाण्यासारखीच धरावी, असे सुचवले. स्त्रीने गायलेले ते मोकळे गाणे मी ठेवले, आणि व्यवस्थापकांना याचेच सर्वाधिक आश्चर्य वाटले. पण तेही ट्रायल रूमच्या वर वाजू नये, कारण तिथे असलेल्या बाईला कोणाचीच इच्छा ऐकण्याची सक्ती असू नये. त्या बोळाचा स्पीकर स्वतंत्र करून त्यावर फक्त वाद्यसंगीत ठेवण्याचे ठरले. या बाबतीत आमचा व्यवसाय पूर्वी शहाणा होता असे मला अनेकदा वाटते. दुकाने आणि कारखान्यांना संगीत पुरवणाऱ्या जुन्या कंपन्या अनेक दशके मुद्दाम शब्दांविना वाजवत, कारण शब्द आले की लक्ष तिकडे जाते.

सर्वांत अधिक खळखळ झाली ती एका बटणावरून. कर्मचाऱ्यांना कारण न देता चालू गाणे पुढे ढकलता यावे असे मी सुचवले. व्यवस्थापकांना भीती, की मग कोणतेच गाणे पूर्ण वाजणार नाही. शेवटी बटण द्यायचे, नाव न नोंदवता कोणते गाणे ढकलले गेले तेवढे नोंदवायचे, यावर ते तयार झाले.

काही आठवड्यांनी ती नोंद माझ्याकडे आली. सर्वाधिक वेळा ढकलले गेलेले गाणे अत्यंत सभ्य आणि हळवे होते. यादीत ते फार वेळा येत होते आणि सगळ्यांना त्याचा कंटाळा आला होता. व्यवस्थापकांनी लगेच कळवले, ‘बघा, अश्लीलतेचा प्रश्न मुळात नव्हताच.’ मी उत्तर दिले, की आक्षेपार्ह गाणी आपण आधीच काढली आहेत, तेव्हा ती ढकलली गेली असती की नाही हे या नोंदीतून कळणार नाही. त्यावर त्यांचे उत्तर आले नाही, पण त्याच मालकीच्या इतर दुकानांच्या याद्या आल्या. त्या मी सध्या तपासते आहे, आणि दुकानात कोणालाच न कळणाऱ्या भाषांतील गाण्यांचे शब्द जाणकारांकडून लिहून घेण्यात सर्वाधिक वेळ जातो आहे.