उजवीकडचा कठडा

मी फिजिओथेरपिस्ट. सांगलीच्या गावभागातल्या एका वाड्यातून बोलावणं आलं. सत्तरी ओलांडलेले काका, लहानपणी डाव्या पायाला पोलिओ झालेला. आयुष्यभर दुकान सांभाळलं, पण गेल्या दोन वर्षांत तोच पाय पुन्हा दगा द्यायला लागला होता. मुलाचं म्हणणं एकच, "मॅडम, त्यांचा जुना व्यायाम परत सुरू करून द्या. सगळं सामान आहे."

सामान मागच्या सोप्यात होतं आणि मी दारातच थबकले. तुळईला कप्पी, दोरीला लोखंडी वजनं, भिंतीत ठोकलेली आडव्या दांड्यांची शिडी आणि मधोमध चालायला दोन समांतर लाकडी कठडे. वजनं शेराची होती, म्हणजे १९५८ पासून किलो-ग्रॅम यायला लागले त्याच्या आधीची. काकांच्या वडिलांनी मिरजेच्या दवाखान्यात पाहून, गावातल्या सुताराकडून हे करून घेतलेलं. पोलिओवरची साल्कची लस अमेरिकेत १९५५ला आली होती, पण या घरापर्यंत काही ती वेळेत पोचली नाही.

कठड्यांच्या खांबांना वर सरकत गेलेली भोकं होती. मुलगा उंच झाला, तसतसे कठडे वर चढवलेले. डावा कठडा अजून खरखरीत, उजवा मात्र हात घासून गुळगुळीत झालेला, मध्ये चक्क खोलगट. मी विचारलं, "काका, उजवा खांदा दुखतो का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

लाकडानंच सांगितलं होतं. सगळा भार इतकी वर्षं त्या हातावर होता.

आता अवघड भाग. पोलिओत मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरतात. उरलेल्या पेशी नवे फाटे फोडून अनाथ झालेले स्नायुतंतूही सांभाळतात आणि पाय पुन्हा उभा राहतो. काही दशकांनी मात्र या जादा ओझ्याच्या पेशी थकायला लागतात. कंबर, मधुमेह, थायरॉइड सगळं तपासून न्यूरॉलॉजिस्टनीही पोस्ट-पोलिओच, म्हणजे पोलिओनंतर कित्येक वर्षांनी पुन्हा येणारा अशक्तपणा, असं लिहिलं होतं. अशा स्नायूंना दमेपर्यंत राबवलं, तर आहे ती ताकदही जाते.

"वडील म्हणायचे, सोडलंस तर पाय जाईल," काका चिडून म्हणाले.

त्यांच्या वडिलांचं तेव्हा बरोबरच होतं. टप्प्याटप्प्यानं वजन वाढवण्याची पद्धत थॉमस डिलॉर्म या अमेरिकन डॉक्टरनं १९४५ मध्ये मांडली, जखमी सैनिकांवर वापरून. त्यानंतर काही वर्षांतच गावभागातला एक बाप पोरासाठी अर्ध्या शेरानं वजन वाढवत होता. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला, आणि त्याच्याच मुलाला मी "आता कमी करा" म्हणत होते.

आम्ही पायाची वजनं काढली. कप्पी खांद्यासाठी ठेवली, नुसती दोरी, बिनवजनाची. पायाला आधाराचा हलका स्प्लिंट, बाहेर जाताना वॉकर, म्हणजे भार दोन्ही हातांवर वाटला जाईल. कठड्यांच्या शेवटी खुर्ची मांडली, दम लागायच्या आधी बसायचं. दुसऱ्या दिवशी थकवा राहिला, तर व्यायाम निम्म्यावर आणायचा.

"दहाच वेळा? वडील शंभर करून घ्यायचे," काका अजून म्हणतात. पण दहाला थांबतात.