ओलं की गार

आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका आली आणि तिच्यातली सगळ्यात खालची ओळ मी सगळ्यात आधी वाचली. सवयच आहे. ‘कृपया आहेर अथवा पुष्पगुच्छ आणू नयेत.’ ही ओळ छापणारे मनापासून छापतात आणि वाचणारे मनावर घेत नाहीत. पण आत्याचा मुलगा शब्दाला पक्का. त्याच्या वास्तुशांतीला आम्ही नेलेला टी-सेट त्याने निघताना आमच्याच गाडीच्या डिकीत परत ठेवला होता, आणि वर एक कापा फणस. तेव्हा आहेर नाही, पुष्पगुच्छ नाही. कागदावर काढलेलं फूल मात्र यातल्या कुठल्याच कलमात बसत नाही. म्हणून ठरवलं, शुभेच्छापत्र आपण हातानं करायचं. जलरंगात.

शेवटचा ब्रश धरला त्याला किती वर्षं झाली, ते बायकोनं तिथल्या तिथे सांगितलं.

आता फूल कुठलं? आत्याच्या अंगणात अनंत आहे, सोनचाफा आहे, पायरीशी गोकर्ण आहे. यातलं काहीही चाललं असतं. पण त्या दुपारी पाऊस जरा उघडला म्हणून खाली उतरलो, तर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे, कुणी न लावता, तेरडा उभा. डोंबिवलीत. गुलाबी, तजेलदार, मागे ती बारीकशी वळलेली शेपटी. एक फांदी तोडून वर आणली आणि पेल्यात ठेवली.

“ऐंशी पूर्ण झालेल्या बाईला तेरडा?” बायको म्हणाली. “म्हणजे, रंग तीन दिवस?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणी अशा ऐनवेळी आडव्या येतात. मी म्हटलं, गौरीसुद्धा तीनच दिवस असतात. अनुराधा नक्षत्रावर यायचं, ज्येष्ठेवर जेवायचं, मुळावर जायचं. तिला कुणी नावं ठेवतं का? यावर ती काही बोलली नाही, म्हणजे मी जिंकलो असं नव्हे.

पण तेरडाच हवा होता मला. आमच्याकडे खड्यांच्या गौरी. आत्याच्या सासरी, चिपळूणच्या बाजूला, तेरड्याच्या. आवाहनाच्या दिवशी पऱ्याकाठून तेरडे मुळासकट उपटून आणायचे, जुडी बांधायची, मुखवटा चढवायचा, साडी नेसवायची. आम्हा पोरांना देवीत रस बेताचाच. आमचा डोळा बोंडांवर. तेरड्याचं पिकलेलं बोंड नुसतं बोट लागलं तरी फट्कन फुटतं, साल गुंडाळली जाते आणि बिया अंगावर उडतात. जुडी बांधायच्या आत आम्ही बोंडं फोडून टाकायचो, आणि आत्या ओरडायची, “अरे, देवीला काही ठेवाल की नाही?” पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या तासाला कळलं की याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव इम्पेशन्स. म्हणजे उतावीळ. लॅटिनमध्ये नाव ठेवणाऱ्यानंही लहानपणी तेच केलेलं असणार.

आणि असं उतावीळ फूल काढायचं कशात, तर जलरंगात, ज्यात रंगवण्यापेक्षा वाळायची वाट बघण्यातच जास्त वेळ जातो. त्यात महिना श्रावण, हवा दमट, पंखा पाचावर.

एलिमेंटरीच्या परीक्षेला बसवणारे आमचे चित्रकलेचे सर फार बोलत नसत. त्यांची दोन वाक्यं मात्र माझ्या हाडात आहेत. एक, “पांढरा ट्यूबमध्ये शोधू नकोस, कागदात आहे.” बॉक्समधली चायनीज व्हाइटची ट्यूब ते वर्षाच्या सुरुवातीलाच काढून घेत. आम्हाला वाटायचं, घरी नेऊन काय करतात कोण जाणे. दुसरं, “थर वाळू दे.” जलरंगात गडद रंग एकदम लावायचा नसतो. पहिला हात इतका पातळ की पाणी म्हणावं की रंग, कळू नये. तो वाळला की त्याच रंगाचा दुसरा, थोडी जागा सोडून. मग पाकळीच्या दुमडीत तिसरा. खालचा थर वरच्यातून दिसत राहतो, म्हणून फूल आतून उजळल्यासारखं वाटतं. सर कागद वाळला का ते बघायला पालथा हात टेकवायचे. पालथ्या हाताला गार लागला, की अजून ओला. डोळ्यांना मात्र केव्हाच वाळलेला दिसत असतो.

तेव्हा कार्ट्रिज पेपर असायचा. दुसऱ्या थरालाच पापडासारखा वर यायचा. आता मी तीनशे जीएसएमचा जाड कागद आणला. दुकानदारानं किंमत सांगितल्यावर एकच घेतला आणि घरी येऊन दुमडून कापला. चुकायला वाव नको म्हणून. माणसाला शिस्त लावायला महाग कागदासारखं दुसरं काही नाही.

पहिला थर झकास झाला. कागद ओला करून क्रिम्सन लेक सोडला. तो आपला आपण पसरला, कडेला फिका झाला, मध्ये साचला. मी तिथे थांबायला हवं होतं. पण फूल इतकं छान येत होतं की मला राहवेना. अर्धवट वाळलेल्या पाकळीवर दुसऱ्या हाताचा भरलेला ब्रश टेकवला, आणि टेकवताक्षणीच कळलं. पाणी रंगाला ढकलत कडेला निघालं आणि मध्ये करवती काठाचा पांढुरका गोळा उमटला. इंग्रजीत चित्रकार या डागाला कॉलिफ्लॉवर म्हणतात. आपल्याकडे त्या भाजीचं नाव नुसतं फ्लॉवर. म्हणजे फूल काढायला बसलो आणि फ्लॉवर उगवला. बायकोला हा विनोद सांगितला. ती म्हणाली, “परवाच आणलाय, फ्रीजमध्ये आहे.”

अशा वेळी पुसायला जायचं नाही, एवढी अक्कल शिल्लक होती. त्या डागाचीच एक सुरकुतलेली पाकळी केली. तेरडा दुसऱ्या दिवशी दिसतो तशी. पानं करताना सॅप ग्रीनमध्ये थोडा गॅम्बोज मिसळला, आणि ट्यूब हातात असताना आठवलं, की मूळचा गॅम्बोज हा एका झाडाचा चीक, आणि ते झाड आपल्या रातांब्याच्या कुळातलं. आता ट्यूबमध्ये बहुधा दुसरंच काही असतं. तरी मला बरं वाटलं. चिपळूणला जाणाऱ्या कार्डात कोकमाचा एक लांबचा नातेवाईक तरी असू दे. क्रिम्सन लेकचं मात्र तसं नाही. तो पूर्वी किड्यांपासून करायचे, दिसायला देखणा आणि उन्हात टिकायला कच्चा. भिंतीवर लावलं की उडत जातो. म्हणजे म्हण खरी करायची सोय मी रंगातच करून ठेवली होती. कार्ड कपाटात ठेव, असं आत्याला सांगायला पाहिजे. ती ठेवणार नाही. ती दाराशी, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवणार, जिथे दुपारचं ऊन थेट येतं.

देठ राहिला होता. तेरड्याचा देठ पाणीदार, तांबूस, बघावं तर आरपार. त्याआधी पाकळ्या वाळायला हव्या होत्या. मी बसून राहिलो.

आत्याकडे पावसात कपडे वाळत नसत. पडवीतल्या दोऱ्या भरल्या की चुलीवरच्या उतवंडीवर. शाळेला सुट्टी असली की मी तिच्याकडेच असायचो, महिना महिना. सकाळी माझा सदरा काढायची आणि गालाला लावायची. डोळे मिटून. सदरा वाळलाय की नाही, हे त्या हवेत हाताला कळत नाही. मग म्हणायची, “ओलं नाही रे, गार लागतंय. घाल.” मी घालायचो, आणि तो ओला असायचा. मी तसं सांगितलं तर म्हणायची, अंगावर वाळेल. आणि वाळायचा, हेही खरं. धुराचा वास मात्र दिवसभर.

आता फुलाचं काम संपलं. देठ बरा आला. डाव्या कोपऱ्यात एक टपोरं बोंड काढलंय, फुटायच्या बेतातलं. ते तिला बरोबर कळेल. राहिला आतला मजकूर, आणि चार दिवस तोच राहिलाय. ‘ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.’ एवढं झोकात लिहिलं. आपल्या पत्रांची ही मोठी सोय. एवढ्या ठिपक्यांमध्ये साष्टांग नमस्कार उरकतो. पण पुढे ‘विशेष’ काय?

काहीतरी चंद्रावर लिहावं म्हटलं. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून थोडं जास्त. हजारांनी गुणलं की ८० वर्षं आणि साधारण १० महिने होतात. हिशेब जमला, तसा मजकूरही जमेल असं वाटलं. मग उगीच दुसरा हिशेब मांडला. या हजारांतले तिच्या अंगणातून मी किती पाहिले? लहानपणचे मोजले. मे महिन्याचे, गणपतीतले. नोकरी लागल्यावर वर्षाला एक. मुलगी झाल्यावर, तिची शाळा, सासऱ्यांचं आजारपण, मग नवीन घर. मागची सात वर्षं फोनवर. “कसा आहेस रे?” “मजेत.” “इकडे कधी?” “बघतो.” बोटांची पेरं मोजत होतो, दुसऱ्या हातावर गेलो, परत पहिल्यावर आलो. ५० पर्यंतही पोचलो नाही.

पेन तसंच धरून बसलो होतो. बायको चहा घेऊन आली. कार्डाकडे बघत राहिली बराच वेळ, आणि फूल छान आलंय असं स्वतःहून म्हणाली, जे ती सहसा म्हणत नाही.

“वाळलं का?”

मी कार्ड उचलून गालाला लावलं.

“कळत नाही,” म्हटलं. “गार लागतंय.”